मामाजींचं ब्लडप्रेशर

माझ्या लग्नात आंदण म्हणून काय आलं, हे सांगितलं की लोक आजही हसतात. पितळेची भांडी आली, एक लोखंडी ट्रंक आली आणि ब्लडप्रेशर मोजायचं मशीन आलं. अमरावतीच्या ज्या दवाखान्यात मी नर्सिंग शिकले आणि पुढे नोकरी केली, तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नवं मशीन घेतलं होतं. जुनं त्यांनी मला दिलं. "साडी फाटेल. हे नीट ठेवलंस तर जन्मभर पुरेल," एवढंच म्हणाल्या. मला साडीही चालली असती, पण त्या बाईंना उलट बोलायची कोणाची छाती नव्हती.

अकोल्याला सासरी आले तेव्हा गल्लीतल्या बायका भांडी बघायच्या सोडून ते मशीन बघायला आल्या. काळी लाकडी पेटी. झाकण उभं केलं की त्यातच काचेची नळी, बाजूला आकडे आणि तळाशी पाऱ्याची छोटी टाकी. दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, त्याच्या पोटात रबराची पिशवी, आणि हवा भरायला मुठीत मावणारा रबरी फुगा. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, सगळं पाहून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!"

तसं ते घोडंच होतं. त्याची चाकरी फार. पेटी मिटण्याआधी ती कलती करून पारा टाकीत जाऊ द्यायचा, मग खालची चकती फिरवून त्याची वाट बंद करायची. विसरलात तर पारा पेटीभर. अकोल्याच्या उन्हाळ्यात रबर चिकट होऊन चिरतं, म्हणून त्याला पावडर लावायची आणि माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवायचं. जवळच्या जिनिंग फॅक्टरीतला कापूस वाऱ्यावर घराघरात यायचा. त्याचे तंतू नळीच्या वरच्या तोंडाशी अडकले की पारा अडखळत उतरायचा. त्या पेटीला कोणी हात लावला की माझं डोकं फिरत असे. एकदा नवऱ्यानं गंमत म्हणून पट्टा स्वतःच्या पोटरीला बांधला, तर मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

नवऱ्याची नोकरी बाळापूरला होती. तो आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. घरात आम्ही तिघं: आत्याबाई, मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणत असे. म्हणजे मनात म्हणत असे, कारण त्यांच्याशी बोलायची वेळच येत नव्हती.

मामाजी जिनिंग फॅक्टरीत रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवर मुकादम होते. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. वाचायला शिकले ते मोठेपणी, रात्रीच्या वर्गात, आणि मग वाचनाची चटकच लागली. संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि पेपर मोठ्यानं वाचायचे. गल्लीतली दहाबारा माणसं, ज्यांना वाचता येत नव्हतं ती आणि ज्यांना येत होतं तीही, ऐकायला जमायची. एखाद्या पुढाऱ्याचं भाषण वाचता वाचता ते थांबत, "हे खोटं आहे" असं जाहीर करीत आणि पुढे वाचत. मी आत भाकरी थापता थापता ऐकायची. त्या घरात मला पहिल्यांदा काही आवडलं असेल तर तो आवाज.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मामाजींनी घरातले देव मोर्णा नदीत सोडले. शकुन-अपशकुन, नवस, अंगात येणं, सगळं बंद. या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत. पण सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या बरोबरीनं खाटेवर बसायचं नाही, त्याच्याशी तोंड वर करून बोलायचं नाही, हे मात्र देवांबरोबर नदीत गेलं नव्हतं. आमच्याच घरी नाही, गल्लीतल्या सगळ्या घरांत ते तसंच होतं. मामाजी हातभर अंतरावर बसलेले असले तरी मी म्हणायची, "आत्याबाई, मामाजींना सांगा, चहा झाला." आणि मामाजी भिंतीकडे बघत म्हणायचे, "तिले म्हणा, साखर कमी टाक." मध्ये बसलेल्या आत्याबाई दोघांचं ऐकून घ्यायच्या, सांगायच्या मात्र कोणालाच काही नाहीत.

याचा मला राग यायचा. अकोल्यातही मी एका दवाखान्यात नर्सची नोकरी धरली होती. दिवसभर वॉर्डात मी अनोळखी पुरुषांच्या दंडाला पट्टे बांधायची, त्यांच्या जखमा धुवायची, त्यांना उठवून बसवायची. तिथे कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. संध्याकाळी पांढरी साडी उतरवली की मी घरातल्या एका माणसाला पाण्याचा पेलाही हातात देऊ शकत नव्हते. जमिनीवर ठेवायचा आणि मागे सरायचं. पण राग येणं वेगळं आणि मोडणं वेगळं. मी काही मोडलं नाही. मला त्या घरात नांदायचं होतं.

एके दिवशी मामाजींना प्रेसवर चक्कर आली. दोन गडी त्यांना धरून आमच्या दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी मोजलं, ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. तेव्हा सर्पगंधेच्या गोळ्यांचा जमाना होता, त्या सुरू झाल्या. डॉक्टर मला म्हणाले, "तुझ्याकडे मशीन आहे, तू हाताची पक्की आहेस. त्यांना कामावरून इथे कशाला खेटे घालायला लावतेस? घरी मोजत जा, मला आकडा सांगत जा." माझी मान ताठ झाली. घरी गेल्यावर आत्याबाईंनाही घोड्याचा उपयोग पटला.

मोजायची पद्धत आपोआपच ठरून गेली. सकाळी कामावर जाण्याआधी मामाजी खाटेच्या कडेला बसत. त्यांच्यासमोर मला खाटेवर बसता येत नव्हतं, म्हणून मी जमिनीवर, मशीनही जमिनीवर. मामाजी तोंड पलीकडे करीत आणि हात माझ्याकडे खाली सोडून देत. मी पदर दातात धरून पट्टा बांधायची, फुगा दाबायची, स्टेथोस्कोपची नळी कानाला लावून ठोका ऐकायची. बांधताना बोट लागू नये म्हणून मी जपायची आणि ते तर श्वासही रोखून धरायचे. आत्याबाई दारात उभ्या राहायच्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

आकडा उतरेना. एकशे सत्तर, कधी त्याच्याही वर. मी डॉक्टरांना सांगायची, डॉक्टर गोळ्या वाढवायचे. पुन्हा मोजायचं, पुन्हा तेच, पुन्हा गोळी.

आणि मामाजी खचत चालले. आधी नाक चोंदायला लागलं, मग झोप. कामावरून आले की आडवे व्हायचे. डॉक्टर म्हणाले, थोडी सुस्ती येणारच. पण ती सुस्ती नव्हती. जेवताना ताटाकडे बघत बसायचे. आत्याबाई काही विचारायला गेल्या की "काही नाही" म्हणायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. पेपर ओट्यावर घडी न मोडता पडून राहायला लागला. गल्लीतली माणसं काही दिवस येऊन बसली, एकमेकांशी इकडचंतिकडचं बोलली आणि यायची थांबली. प्रेसच्या मालकानं निरोप धाडला की मुकादमाला जमत नसेल तर दुसरा बघतो. मला त्यांच्या नोकरीपेक्षा वेगळीच भीती वाटत होती. माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस विझत होता, आणि मी रोज सकाळी त्याच्या पायाशी बसून त्याचा आकडा घेत होते. हा माणूस पुन्हा कधी मोठ्यानं वाचणार आहे की नाही, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात फिरायचा. तो कोणाला विचारायचा, हे कळत नव्हतं.

मग ते पडले. सकाळी खाटेवरून उठून मोरीकडे जाताना मध्येच खाली कोसळले. मी भाकरीच्या पिठाच्या हातांनी धावले. पदर कुठे गेला, कोण बघतंय, काही सुचलं नाही. त्यांना सरळ निजवलं, हात जमिनीवर लांब केला, पट्टा बांधला. पारा उतरत गेला आणि ठोका ऐकू येईना. तो आला तेव्हा आकडा शंभराच्या खाली होता. मला वाटलं, गेले.

नाही गेले. थोड्या वेळानं डोळे उघडले, मला इतक्या जवळ पाहून पुन्हा मिटून घेतले. मी तशीच दवाखान्यात पळत गेले. डॉक्टरांनी गोळ्या तूर्त थांबवल्या आणि उद्या पुन्हा मोजून सांग म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामाजी खाटेवर, मी जमिनीवर, आत्याबाई दारात. आकडा एकशे साठच्या वर.

आता डॉक्टरही गोंधळले. "कालचा खरा का आजचा? मशीन बिघडलंय तुझं," म्हणाले. मला ते फार लागलं. माझ्या मशीनला कोणी बिघडलेलं म्हणावं! पण मनात शंका आलीच. सुट्टीच्या दिवशी मी ते उघडून बसले. हातातली अंगठी आधी काढून ठेवली, पारा सोन्याला लागला की सोनं गेलंच. पारा वाटीत काढला. कागदाचा शंकू केला, टोकाला सुईनं भोक पाडलं आणि त्यातून पारा गाळला. वरची काळी साय कागदाला चिकटून राहिली, खाली लख्ख पारा. तारेला कापूस गुंडाळून काचेची नळी पुसली. वरच्या तोंडाशी अडकलेले तंतू चिमट्यानं काढले. रबराच्या पिशवीत हवा भरून ती पाण्यात बुडवून पाहिली, एकही बुडबुडा आला नाही. सगळं परत भरलं, पारा बरोबर शून्यावर येऊन थांबला. आत्याबाई लांब बसून बघत होत्या. "फेकून दे ते," म्हणाल्या, "ते घरात आल्यापासूनच सुरू झालं हे सगळं." देव सोडलेल्या घरात अपशकुन मात्र माझ्या पेटीच्या वाट्याला आला होता.

दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशेजारी ठेवलं. एकाच माणसाला एकदा त्या मशीननं मोजलं, एकदा माझ्या. दोन्ही आकडे जुळले. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आम्ही. मग चोर कोण?

तो मला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, आणि सापडल्यावर मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी नेहमीसारखी जमिनीवर बसले. मामाजींनी खाटेवरून हात खाली सोडला. बांधायच्या आधी मी त्या हाताकडे सहज पाहिलं. पंजाच्या पाठीवरच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. दंड लाकडासारखा ताठ. वॉर्डात मी दिवसभर काय बडबडते? "बाबा, हात टेबलावर ठेवा. काळजाच्या पातळीत. सैल सोडा. श्वास घ्या." हात खाली लोंबत असला की आकडा वाढीव येतो, ताठ धरला की आणखी, श्वास कोंडला की आणखी, हे मला शिकवलं होतं, मी पुढच्या मुलींना शिकवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरी मात्र मी नर्स म्हणून बसतच नव्हते, सून म्हणून बसत होते. सुनेची जागा जमिनीवर होती. तिथून जो आकडा दिसत होता तो मामाजींचा नव्हताच, आमच्या दोघांच्या बसण्याचा होता. त्या आकड्यावर ते गोळ्या खात होते.

आता हे सांगायचं कसं? मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग? तू काय त्यायच्या बाजूले जाऊन बसतं? लोक शेण घालतीन तोंडात."

म्हणून मी खटपट केली. तेलाचा रिकामा डबा खाटेला लावला, त्यावर गोधडी, त्यावर मामाजींचा हात. हात वर आला खरा, पण आता मशीन खाली, त्याची रबरी नळी पुरेना. मशीन पाटावर ठेवलं, तर पाऱ्याचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर येईना. मी गुडघ्यांवर उभी, एका हातानं पदर, एका हातानं फुगा, मान वाकडी. आकडा थोडा उतरला, पण मामाजींचा श्वास अजून कोंडलेलाच होता. मी आणखी जवळ सरकले तर डबा खणकन आडवा झाला आणि गोधडी माझ्या अंगावर आली.

मामाजींनी तोंड वळवलं आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे.

"अवं पोरी," ते म्हणाले, "हे माकडचाळे कायले करून राहिली? वर ये. अठी बस."

लग्नानंतर ते माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. माझ्या पायांना ते कळायला वेळ लागला. आत्याबाईंनी झटकन पुढे होऊन रस्त्यावरचं दार लोटलं. मामाजी म्हणाले, "दार काहून लावलं? उघड. चोरी करून राहिलो काय आपण?"

आत्याबाईंनी दार उघडलं. मी खाटेवर बसले, मध्ये मशीन ठेवलं, गोधडीची घडी करून त्यावर त्यांचा हात घेतला. यावेळी मी बोट लागू नये म्हणून जपलं नाही. तो हात माझ्या वडिलांच्या हातासारखाच होता, खरखरीत आणि गरम. पट्टा बांधला, नळी कानाला लावली आणि मला काही ऐकूच येईना. माझ्याच काळजाचे ठोके कानात धडधडत होते. मी हवा सोडून दिली आणि म्हणाले, "मामाजी, थोडं थांबू या." माझंही त्यांच्याशी हे पहिलंच बोलणं. ते हसले. "थांब ना. मले कुठी गाडी पकडाची हाय?"

आकडा एकशे तीसच्या आसपास आला. मी पुन्हा मोजला, तेवढाच.

डॉक्टरांनी माझं सगळं ऐकलं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या त्या अगदी थोड्या. औषधाची गुंगी उतरायला महिने लागले. मामाजी एकदम बरे झाले नाहीत. एक दिवस चांगला जायचा, दोन दिवस पुन्हा गप्प. पण जेवण वाढलं, प्रेसवर जायला लागले, आणि थंडी पडायच्या सुमारास एका संध्याकाळी ओट्यावरून आवाज आला, "हे खोटं आहे." मी चुलीपुढे बसून रडले. धूर लागला म्हणून आत्याबाईंना सांगितलं.

गल्लीत बोलणं झालंच. सून सासऱ्याच्या खाटेवर बसते, ही बातमी बार्शीटाकळीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिथे मामाजींची थोरली बहीण राहायची. त्यांची आई लहानपणीच गेली होती. या बहिणीनं त्यांना कडेवर घेऊन, शेतात मजुरी करून वाढवलं होतं. मामाजी जगात कोणाला भीत असतील तर या बहिणीला. त्यांच्यापुढे मी मामाजींना आवाज चढवताना कधी ऐकलं नाही.

त्या आल्या त्या सकाळीच, न कळवता. आम्ही नेमके मोजायला बसलो होतो. दार उघडं होतं. मी पट्ट्यात हवा भरली होती, नळी कानात होती, आणि दारात त्या उभ्या. त्या बोलायला लागल्या. मला शब्द ऐकू येत नव्हते. हात हलत होते, तोंड हलत होतं, आत्याबाई भिंतीला चिकटल्या होत्या. मला उठून पदर घेऊन खाली बसावंसं वाटलं. खरं तर मी अर्धी उठलेही. मामाजींनी दुसऱ्या हातानं मला खुणावलं, बस. ते स्वतः एक शब्द बोलले नाहीत, कारण मोजताना बोलायचं नाही हे मीच त्यांना सांगितलं होतं. बहिणीचं तोंड सुरू, आणि ते डोळे मिटून, हात सैल सोडून, संथ श्वास घेत बसलेले. माझ्या कानात फक्त त्यांचा ठोका होता. आकडा नेहमीएवढाच आला.

मी हवा सोडली, नळी कानातून काढली. बहीण म्हणत होत्या, "...बापाचं नाव काढलं रे तू! सून मांडीले मांडी लावून बसते अन् तुले लाज नाही?"

मामाजींनी पट्टा सुटेपर्यंत वाट पाहिली. मग उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"बाई," ते म्हणाले, "हे पोरगी खाली बसत होती तवा मी मरून राहिलो होतो. वर बसली तं जगलो. तू मले कडेवर घेऊन वाढवलं, तं तूच सांग. तुले मान पाह्यजे का भाऊ पाह्यजे?"

बाहेर कापसाची एक गाडी गेली, तिचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. बहिणीनं भावाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मशीनकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. दारातून आत येऊन त्यांनी चोळीची बाही वर सारली.

"माहं बी मोजून पाह्य," त्या मला म्हणाल्या. "मले कुठी बसाचं, तू सांग."